रसीनची शेरिडन: वायसर, व्हॉल्व्ह आणि तेल

14 जानेवारी 2024, रविवार

गल्लीच्या टोकाला राहणारे म्हातारे गृहस्थ घर विकून मुलीकडे राहायला चाललेत. सामान हलवायला दोन दिवस हात दिला, तर निघताना त्यांनी गॅरेजच्या माळ्यावरून जुन्या चादरीत गुंडाळलेली बंदूक काढून माझ्या हातात ठेवली. शेरिडन ब्ल्यू स्ट्रीक. पंप मारून हवा भरायची एअर रायफल, 5 मिलिमीटरचा छर्रा. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. गेल्या तीस वर्षांत कोणी हात लावलेला नाही.

आम्ही अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीला राहतो, आणि ही बंदूक जिथे बनली ते रसीन गाव इथून मिशिगन सरोवराच्या काठाकाठानं खाली गेलं की लागतं. म्हणजे ही बंदूक जवळजवळ माहेरीच आहे. शेरिडन कंपनीनं आधी सुपरग्रेड नावाची फार देखणी आणि फार महाग रायफल काढली होती. ती खपेना, म्हणून 1949 मध्ये याच जातीचं साधं, स्वस्त मॉडेल आलं आणि तेच पुढे कित्येक दशकं चाललं. 1977 मध्ये बेंजामिन कंपनीनं शेरिडन घेतली, 1992 मध्ये क्रॉसमननं दोघांनाही घेतलं आणि काम न्यूयॉर्क राज्यात गेलं. माझ्या बंदुकीवर नंबर नाही. शेरिडननं नंबर टाकायला 1972 मध्ये सुरुवात केली, म्हणजे ही त्याआधीची.

अक्रोडाचा दस्ता शाबूत. काळा रंग हाताच्या जागी झिजून खालचं पितळ दिसतंय, आणि ते मी तसंच ठेवणार आहे. त्या घरातल्या बापलेकांचे हात तिथे लागलेत.

आधी खात्री. चष्मा लावला, बोल्ट मागे ओढून नळीत छर्रा नाही हे पाहिलं, नळी सुरक्षित दिशेला धरून चाप दाबला. जुन्या पंप बंदुकीत हवा कोंडून राहिलेली असू शकते. ती मोकळी केल्याशिवाय एक स्क्रूही हलवायचा नाही.

मग पंपाची दांडी उघडून मिटली. काहीही अडलं नाही. रिकामी डबी उघडावी-मिटावी तसं.

गळती कुठून आहे हे बंदूक न उघडताच बरंचसं कळतं. दांडी मिटताना जोरच लागत नसेल तर दट्ट्याचा वायसर गेलेला. जोर लागतो, पण मिटलेली दांडी हात सोडल्यावर आपोआप उघडायला बघते, तर आत घेणारा व्हॉल्व्ह हवा परत सोडतोय. आणि नळीच्या तोंडातून बारीक ‘सूं’ ऐकू आलं तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. दट्ट्यावर तेलाचे दोन थेंब सोडून पुन्हा मारलं तेव्हा थोडा जोर आला, दांडी हळूच वर उचलली गेली आणि नळीतूनही ‘सूं’ आला. तिन्ही गेलेत.

15 जानेवारी, सोमवार

संक्रांत. अण्णांना फोन केला. तिळगूळ घ्या-गोड बोला झाल्यावर बंदूक कॅमेऱ्यासमोर धरली. अण्णांचं कऱ्हाडला स्टोव्हदुरुस्तीचं दुकान होतं. घरोघरी गॅस आला तशी गिऱ्हाइकं आटली आणि दुकान बंद झालं, पण हात अजून विसरलेले नाहीत. मी त्यांना दट्ट्या, वायसर, व्हॉल्व्ह कागदावर काढून दाखवलं.

“म्हणजे स्टोव्हच की रे हा,” अण्णा म्हणाले. “आडवा केलाय इतकंच.”

खरंच तसं आहे. स्टोव्हच्या पंपाला दांडीच्या टोकाशी वाटीसारखा कातडी वायसर असतो आणि पंपाच्या बुडाशी स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह, जो हवा आत जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. बंदुकीतही तेच. वाटीचा काठ दाबाच्या बाजूला तोंड करून असतो, त्यामुळे दाबलेली हवाच काठाला बाहेर रेटून नळीवर घट्ट बसवते. दाब जेवढा जास्त, तेवढं सील पक्कं. फरक इतकाच की स्टोव्हच्या टाकीतली हवा बर्नरकडे रॉकेल ढकलत राहते, आणि इथे कोंडलेली सगळी हवा एका झटक्यात सोडायची असते.

“अण्णा, तुम्ही वायसरला काय लावायचात?”

“खोबरेल. अंगठ्यानं काठ उलगडायचा, थेंब सोडायचा, रात्रभर ठेवायचा. सकाळी कसा फुलून येतो बघ.”

“इथे रबर असेल.”

“मग रबराला विचार त्याला काय चालतं. मला चामड्याचं विचार.”

ते वाक्य मी बेसमेंटमधल्या फळीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. बंदुकीसाठी कुठलं तेल चांगलं, या प्रश्नाला उत्तरच नाही. प्रश्न सीलचा आहे, आणि सील कशाचं बनलंय हे कळल्याशिवाय तेलाच्या बाटलीला हात लावण्यात अर्थ नाही.

20 जानेवारी, शनिवार

उघडली. नळीच्या पुढच्या टोकाशी दांडीची पिन असते. पितळी पंच लावून ती हलक्या हातानं ठोकून काढली आणि दांडी दट्ट्यासकट पुढे सरकवून बाहेर घेतली. बंदूक व्हाइसमध्ये थेट धरायची नाही. पंपाची नळी पितळेची आणि पातळ आहे, चेपली की संपलं. दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे आणि जुनी सुती बनियन घेतली.

वायसर पाहून वाईट वाटलं. नखानं दाबला तर नख उमटेना. काठाला केसाएवढ्या बारीक चिरा, सगळ्या एकाच दिशेच्या. त्यामागची नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती काळी आणि चिकट, वर डिंकासारखा थर. कोणीतरी कधीतरी घरगुती, बहुधा वनस्पतीचं, तेल घातलेलं असणार. असली तेलं हवेशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होतात. जवसाचं तेल लाकडाला लावलं की वाळून पापुद्रा धरतं, तोच प्रकार इथे नळीत होतो.

नमद्याची चकती म्हणजे या बंदुकीचा तेलाचा साठा. दट्ट्या पुढे-मागे होताना ती नळीला तेलाचा पातळ हात देत जाते. तीच कोरडी किंवा चिकट असेल तर नवा वायसरही फार दिवस टिकत नाही. ही चकती अनेक जण बदलत नाहीत. मी बदलणार.

नळी आतून पुसली. पहिल्या फडक्यावर तपकिरी, तिसऱ्यावर पिवळं. ओरखडे नाहीत. पितळेची पॉलिश हाताशी होती, पण आतून लावली नाही. तिच्यातली रवाळ पूड मागे राहिली तर वायसर खाते, आणि बऱ्याच पॉलिशमध्ये अमोनिया असतो. ताण असलेलं पितळ आणि अमोनिया यांचं वैर जुनं आहे. इंग्रजांच्या लष्करात, हिंदुस्थानातल्या पावसाळ्यात, तबेल्यांमध्ये साठवलेल्या काडतुसांची पितळी कवचं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा हे त्याचं कारण 1921 मध्ये नीट मांडलं गेलं. धातूकामाच्या पुस्तकांत त्याला अजूनही मोसमी तडकणं अशा अर्थाचंच नाव आहे. आमच्या कऱ्हाडच्या पावसाळ्याची ओळख विस्कॉन्सिनच्या तळघरात अशी निघाली. साबणाचं कोमट पाणी, मग स्पिरिट, मग कोरडं फडकं. एवढंच केलं.

27 जानेवारी, शनिवार

व्हॉल्व्ह. तो पंपाच्या नळीत खोलवर बसतो आणि त्याला धरून ठेवणाऱ्या नटाला दोन खाचा असतात. साधा पाना तिथे पोचत नाही. नळीत सैल जाईल अशी स्टीलची नळी घेतली, तोंडाला कानशीनं दोन दात काढले आणि दुसऱ्या टोकाला आडवी सळई घालायला भोक पाडलं. दात काढायला दोन तास लागले. घाई केली असती तर दात खाचेतून निसटून पितळ सोललं असतं.

नट हलेना. इथे मोह होतो टॉर्च पेटवायचा. या बंदुकीत तसं कधीही करू नये. छर्र्याची नळी आणि पंपाची नळी एकमेकींना कथलाच्या डागानं जोडलेल्या आहेत. नेहमीचं कथील-शिसं 190 अंश सेल्सिअसच्या आसपास पाघळतं, म्हणजे नट सुटायच्या आधी बंदूकच सुटी होईल. गंज सोडवणारं तेल टाकून झाकून ठेवलं.

28 जानेवारी, रविवार

सकाळी नट एका हातानं सुटला.

आतले भाग टेबलावर पांढऱ्या कागदावर निघाले त्या क्रमानं मांडून फोटो काढले. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचं तोंड कडक झालेलं. बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर गोल वळ उमटलाय, पण तो मध्यावर नाही, एका बाजूला खोल. तिथूनच तो ‘सूं’ येत होता. घासून सपाट करण्याऐवजी नवाच घालायचा ठरवलं. नव्या वायसर-सीलचं किट मागवलंय.

3 फेब्रुवारी, शनिवार

किट आलं. वायसर पॉलियुरेथेनचा, स्वच्छ, काठ धारदार. ओ-रिंगा, म्हणजे सीलची गोल कडी, मात्र कशाच्या आहेत हे पाकिटावर कुठेच नाही. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, “रबर.” रबर म्हणजे काय ते सांगा ना! नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं. ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर पाण्यात, वाफेत, ब्रेक ऑइलमध्ये उत्तम, पण खनिज तेलात तेही फुगतं. नायट्रिल रबर खनिज तेलासाठीच बनवलेलं. सिलिकॉन रबराला सिलिकॉन तेल चालत नाही. दिसायला चारही सारखी असू शकतात, काळी आणि गोल.

म्हणून लोणच्याच्या तीन छोट्या बरण्या घेतल्या. एकीत डिटर्जंट नसलेलं 30 नंबरचं इंजिन ऑइल, दुसरीत शुद्ध सिलिकॉन तेल, तिसरीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तांबडं तेल. प्रत्येकीत किटमधली एक ओ-रिंग आणि मी वेगळी आणलेली नायट्रिलची एक. व्हर्निअरनं मापून, दोऱ्याच्या गाठी मारून, तारीख लिहून.

चौथ्या बरणीत खोबरेल घालायचं मनात होतं. पण खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजतं आणि माझं तळघर सध्या 14 अंशांवर आहे. इथे वायसराभोवती मेणच होईल. अण्णांच्या दुकानात ते बरोबर होतं, कारण तिथे चामडं होतं आणि कऱ्हाडचं ऊन होतं.

10 फेब्रुवारी, शनिवार

बरण्या उघडल्या. किटमधली ओ-रिंग 11.1 मिलिमीटरची होती. इंजिन ऑइलमध्ये ती 12.0 झाली आणि बोटांत मऊ, बुळबुळीत लागते. तांबड्या तेलात 12.1. सिलिकॉन तेलात होती तशीच. नायट्रिलची तिन्ही बरण्यांत हलली नाही, फार तर 0.1.

म्हणजे किटमधली रिंग नायट्रिल नाही हे नक्की. ती घालून नेहमीचं तेल ओतलं असतं तर बंदूक पहिला आठवडा झकास चालली असती, कारण फुगलेलं सील सुरुवातीला छानच बसतं. मग ते दाबानं खाचेतून बाहेर ओघळलं असतं. गिअरबॉक्सच्या तेलानं जुन्या बंदुका जिवंत होतात असं म्हणतात त्यामागे हेच आहे. त्यातली द्रव्यं कडक झालेल्या सीलला थोडं फुगवतात. चिरा नसलेल्या सीलला त्यानं उसने दिवस मिळतात, चिरलेल्याला काहीच नाही. माझा वायसर चिरलेला होता.

सगळ्या ओ-रिंगा नायट्रिलच्या घेतल्या. व्हॉल्व्हमध्ये 90 कडकपणाच्या, कारण जास्त दाबाखाली 70 ची मऊ रिंग फटीत घुसून कुरतडली जाते.

आता तेल. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये दट्ट्या क्षणार्धात पुढे येतो, हवा एकदम तापते आणि खनिज तेलाची वाफ पेट घेते. तिथे सिलिकॉन तेलच हवं. पंपाच्या बंदुकीत मी हातानं, सावकाश दाब देतो, आणि पितळेची नळी ऊष्णता ओढून घेते. तिथे साधं खनिज तेल चालतं. क्रॉसमनचं पेलगन ऑइल त्याच जातीचं आहे. डिटर्जंट नको एवढ्यासाठी, की ते इंजिनातली काजळी फिल्टरपर्यंत वाहून न्यायला असतं. बंदुकीला फिल्टर नाही, घाण वाहून न्यायची कुठे?

सिलिकॉन तेलाचं एक खरंच चांगलं. थंडीत ते फारसं घट्ट होत नाही. पण धातूवर धातू घासतो तिथे ते कुचकामी. दांडीच्या पिनेला सिलिकॉन लावणाऱ्यांच्या पिना झिजलेल्या पाहिल्यात मी. आणि डब्ल्यूडी-40 तर आत मुळीच नको. त्यातलं पातळ द्रावण उडून जातं आणि सील कोरडं ते कोरडंच राहतं.

ठरलं ते असं. नमद्याला 30 नंबरचं, डिटर्जंट नसलेलं. जोडताना ओ-रिंगांना सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात. पिनेला आणि सांध्यांना मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस.

11 फेब्रुवारी, रविवार

व्हॉल्व्ह नीट बसला. दट्ट्या घालताना मात्र घात झाला. पंपाच्या नळीला खालून लांब फट असते, दांडीच्या जोडाला हलायला. वायसर पुढून आत सरकताना त्या फटीच्या दोन्ही कडांवरून जातो. मला ‘टिच्’ असा अगदी बारीक आवाज आला. बाहेर काढून भिंगाखाली धरला तर काठावर तांदळाच्या कण्याएवढा चंद्रकोरीसारखा तुकडा निघालेला. बाकी सगळा वायसर नवाकोरा. काठ फक्त कागदाएवढा जाड असतो आणि सगळं काम तो काठच करतो. एवढ्या तुकड्यापायी वायसर वाया.

दुसरा मागवला. तोवर फटीच्या कडा पाहिल्या. आतल्या बाजूला कारखान्यातलीच धार होती. दाढीच्या ब्लेडवर बोट फिरवावं तशी. 600 नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून फक्त ती धार मारली, गोलाई आणली आणि सगळी पूड फडक्यानं तीनदा पुसून काढली.

17 फेब्रुवारी, शनिवार

या वेळी पाण्याच्या बाटलीचं पातळ प्लास्टिक कापून नळीत गुंडाळी करून बसवलं, फट झाकेल असं. वायसर त्यावरून सरकला, फटीच्या पलीकडे गेला, मग गुंडाळी ओढून काढली. आवाज नाही. नव्या नमद्याला आधी तेल पाजलं होतं. बोटानं दाबलं की थेंब वर येतो आणि सोडलं की परत आत जातो, एवढं पुरे. वाहायला लागलं तर जास्त झालं.

दट्ट्याची लांबी पेचानं कमी-जास्त होते. दांडी पूर्ण मिटताना दट्ट्या व्हॉल्व्हला जेमतेम टेकला पाहिजे. मधे जागा राहिली तर तिथली हवा दर फेरीत दाबली जाते आणि परत फुगते, आत जातच नाही. पाव फेरी, पुन्हा पाव फेरी, असं करत शेवटच्या बोटभर अंतरात हलकासा ठाम जोर लागेपर्यंत आणलं आणि नट कसला.

पंप मारला. हवा राहीना! नळीतून भस्सकन बाहेर. दहा मिनिटं डोकं धरून बसलो, मग लक्षात आलं. बंदूक पूर्ण रिकामी असताना बोल्ट ओढलेला नसेल तर हॅमरची (चाप दाबल्यावर व्हॉल्व्हवर आपटून हवा सोडणाऱ्या ठोकळ्याची) स्प्रिंग बाहेरच्या व्हॉल्व्हच्या दांडीवर रेलते आणि तो किंचित उघडा राहतो. बोल्ट मागे ओढला, हॅमर अडकला, मग तीन पंप. दांडी जागच्या जागी. नळीला कान लावला. शांत. ही बंदूक ठेवताना एक पंप आत ठेवावा म्हणतात तो याचसाठी. आतली हवाच व्हॉल्व्हला बैठकीवर दाबून धरते आणि धूळ जात नाही.

अण्णांना फोन लावला तेव्हा तिकडे पहाट होती. त्यांनी एवढंच विचारलं, “दाब धरतोय?”

3 मार्च, रविवार

शहरात घराच्या आवारात छर्रा उडवायला नियम आडवे येतात, म्हणून रेंजवर गेलो. वेग मोजायचं यंत्र लावलं. छर्रे 14.3 ग्रेनचे. प्रत्येकी पाच फैरींची सरासरी, फूट प्रति सेकंदात: 3 पंपांना 455, 4 ला 512, 5 ला 556, 6 ला 592, 7 ला 620, 8 ला 640.

आठव्या पंपाला हात सगळ्यात जास्त भरतो आणि वेग फक्त 20 नं वाढतो. शेरिडनची मर्यादा आठचीच आहे. त्यापुढे मारण्यात वेगही नाही आणि व्हॉल्व्हचं भलंही नाही. आठ पंपांची ऊर्जा हिशेबानं 13 फूट-पौंड, म्हणजे साडेसतरा ज्यूलच्या आसपास. मला कागदावर नेम धरायचाय, पाच पंप पुरेत. 20 यार्डांवर पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. श्रेय बंदुकीचं, थंडीत माझी बोटं बधिर झाली होती.

शिशाचे छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुतले. घरी आल्यावर एक पंप मारून, छर्रा न घालता, बंदूक उभी ठेवली. दस्त्याला कागदाची पट्टी बांधली: 3 मार्च, 1 पंप.

21 एप्रिल, रविवार

सात आठवडे झाले. बर्फ गेला, तळघर 18 अंशांवर आलंय. पट्टी वाचली, चष्मा लावला, नळीत छर्रा नाही हे पाहिलं, बोल्ट ओढला आणि नळी वाळूच्या पोत्याकडे धरून चाप दाबला.

‘फट्’.

पुन्हा बोल्ट ओढून एक पंप मारला. नमद्याला तेलाचा एक थेंब. पट्टीवर नवी तारीख.